मोजायचं तर वर मोजा

डेस्पिनाने माणूस उंच उचलणाऱ्या यंत्राच्या पाळण्याचं फाटक लावलं, कमरेचा पट्टा कडीत अडकवला आणि यंत्र वर घ्यायचं सोडून मान वर करून बघतच राहिली. यारापिनच्या चारही धान्यकोठ्या सकाळच्या उन्हात नुसत्या पांढऱ्याफटक दिसत होत्या. खाली चहाचा थर्मास घेऊन उभ्या असलेल्या व्हर्ना क्लाइनिगला वाटलं, बाई उंचीला भ्यायली की काय! मेलबर्नहून मुद्दाम बोलावलेली, असल्याच कोठ्यांवर चित्रं काढून नाव कमावलेली चित्रकार, आणि पहिल्याच दिवशी माघार?

"व्हर्ना," डेस्पिना म्हणाली, "दुसऱ्या कोठीवर ते उभे खोके दिसतायत ना, ते कसले?"

"ते होय! मोबाइलच्या अँटेना आहेत. त्यांचं काही मनावर घेऊ नकोस."

"माझ्या चित्रातल्या सारसाचं डोकं नेमकं तिथं येतंय."

"मग खोक्यांनाही फास रंग. चोच काढ त्यांच्यावर."

"मी रंगाचं नाही म्हणत. डोकं रंगवायला मला त्यांच्या तोंडासमोर उभं राहावं लागणार. हातभर अंतरावर, दिवसचे दिवस. तिथं रेडिएशन किती असतं?"

या प्रश्नाचं उत्तर व्हर्नाच्या जिभेवर कायमचं तयार असायचं. "सरकारने घालून दिलेल्या मर्यादेच्या एक टक्काही नाही. कंपनीचा तसा अहवाल आहे."

"एक टक्का कुठे?"

"कुठे म्हणजे? इथे. यारापिनमध्ये."

"यारापिनमध्ये खाली, की यारापिनमध्ये वर?"

व्हर्ना थर्मासचं झाकण उघडू लागली.

डेस्पिनाने पट्टा सोडला, पाळण्यातून बाहेर आली आणि चहासाठी हात पुढे केला. "कुणी वर जाऊन मोजलेलं असेल तर मी आत्ता चढते. नसेल तर पायांपासून सुरुवात करते. पण डोक्यापर्यंत पोचायच्या आत मला उत्तर हवं. बिनडोक्याचा पक्षी गावाला चालणार असेल तर गोष्ट वेगळी."

पंचाईत अशी होती, की चित्र आणि अँटेना ही दोन्ही व्हर्नाचीच लेकरं. अँटेना आधीची. तिची सून दिवस भरलेली असताना दवाखान्यात निघाली आणि डिंबूलाच्या रस्त्यावर गाडीतच बाळंत झाली. मुलगा फोन हवेत धरून या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत धावत होता आणि सिग्नलची एक काडीही उगवत नव्हती. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. नात तर जन्मल्या क्षणी असं भोकाड पसरून रडली की व्हर्नाचा मुलगा अजून म्हणतो, फोनची गरजच नव्हती, तिचा आवाजच दवाखान्यात पोचला असता. पण व्हर्नाने त्या दिवसापासून कंबर कसली. मंत्री झाले, खासदार झाले, कंपन्या झाल्या. शेवटी कोठ्यांवर अँटेना बसल्या आणि पेरणीच्या यंत्रावर बसलेला माणूस घरी फोन करून जेवायला काय आहे ते विचारू लागला.

चित्राचं खूळ नंतरचं. शेजारच्या गावांच्या कोठ्यांवर मोठमोठी चित्रं झाली, बघायला मोटारी भरभरून माणसं येऊ लागली. मग यारापिननेच काय घोडं मारलंय? गावाबाहेरच्या पाणथळीवर एके काळी ब्रोल्गा जातीची सारसं नाचायला यायची. ती चार कोठ्यांवर नाचती काढायची असं ठरलं. व्हर्ना समितीची अध्यक्ष होती, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं.

डेस्पिनाने पायांपासून सुरुवात केली. व्हर्ना घरी गेली आणि तिने कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणी ऐकवल्यानंतर एक गोड आवाजाचा माणूस लायनीवर आला.

"मॅडम, तुमचं केंद्र एकदम सुरक्षित आहे. शून्य पूर्णांक काहीतरी टक्के."

"ते मोजलंय कुठे?"

"जमिनीपासून दीड मीटरवर. माणसाच्या छातीच्या उंचीला."

"आणि ते कुणी मोजलं?"

"मोजलं असं नाही, मॅडम. गणिताने काढलंय."

"म्हणजे इथे कुणी आलंच नव्हतं?"

"गणित फार चांगलं आहे, मॅडम."

"माझी चित्रकार गणितात उभी राहणार नाहीये, ती वर उभी राहणार आहे!"

गोड आवाज जरा कमी गोड झाला. कोठीवर परक्या माणसाने चढायचं तर आधी त्यांना कळवायला हवं होतं, असं तो म्हणाला. समितीने कोठीच्या मालकाची परवानगी काढली होती, अँटेनाच्या मालकाला विचारायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. प्रत्यक्ष मोजायला माणूस पाठवता येईल, पण वसंत ऋतू उलटल्यावर. तोवर डेस्पिना तिच्या पुढच्या गावाला गेलेली असणार होती.

व्हर्ना खिडकीपाशी उभी राहिली. हा प्रश्न तिने पूर्वीही एकदा ऐकला होता, आणि विचारणाऱ्याचं घर तिच्या खिडकीतून दिसत होतं.

आल्बी ट्रेगेंझा हा सबंध जिल्ह्यात गाजलेला लिलाववाला. मेंढ्या, गाई, ट्रॅक्टर, कुणाच्या म्हातारीचं कपाट, सगळं त्याच्या तोंडून विकलं गेलेलं. निवृत्त झाला तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. अँटेना बसवायच्या वेळी सभागृहात गाव जमलं, तेव्हा आल्बीने मागच्या बाकावरून विचारलं होतं, "तुम्ही हे मोजणार कुठे?" आणि मंचावरून व्हर्नाने उत्तर दिलं होतं, "आल्बी, तू काय वर घरटं बांधणार आहेस का?" सभागृह खो खो हसलं. आल्बीही जरा हसला. पण त्यानंतर तो कुठे भेटला तर हवापाण्याचं बोलायचा आणि सटकायचा. त्याआधी तो दर आठवड्याला तिच्या स्वयंपाकघरात बसून अख्खा केक संपवत असे.

ती गेली तेव्हा तो परसात कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"हवा चांगली आहे," आल्बी म्हणाला.

"हवा राहू दे. मला तुझं ते यंत्र पाहिजे."

"कुठलं यंत्र?"

"सोंग करू नकोस. ते मोजायचं. सगळ्या गावाला माहितेय तू ते घेऊन फिरतोस ते."

आल्बीने मूठभर दाणे अगदी सावकाश टाकले. "कशाला पाहिजे?"

"मोजायला."

"कुठे मोजायला?"

त्याला ते तिच्याच तोंडून ऐकायचं होतं हे तिला कळत होतं. तिने कोंबड्यांकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. "वर," ती म्हणाली. "आता दात काढ."

पण आल्बीने दात काढले नाहीत. "आत ये," तो म्हणाला. "पाय पूस. काल फरशी पुसलीय."

यंत्र म्हणजे हातात मावेल एवढा पिवळा डबा होता. आल्बीने कळ दाबली मात्र, डबा गाय हंबरावी तसा ओरडायला लागला. "बघ! माझ्या घरात हे असं आहे! आणि कंपनी म्हणते एक टक्का!" तो डबा घेऊन दिवाणखान्यात गेला, तिथं जरा कमी ओरडला. झोपायच्या खोलीत तर त्याने टाहोच फोडला. कोंबड्यांच्या खुराड्यात गप्प बसला. कुंपणाशी मात्र अधूनमधून उचकी लागल्यासारखा टक्‌टक् करत राहिला.

"कुंपणाला पण मोबाइलचा त्रास आहे का?" व्हर्नाने विचारलं.

"कुंपणात वीज सोडलेली आहे, म्हणून असेल," आल्बी कबूल झाला.

"म्हणजे याला काय कुठून येतंय ते काही कळत नाही."

"आहे हे कळतं. कुठून ते नाही कळत." त्याने डबा बंद केला आणि त्याच्याकडे नाराजीने बघितलं. "याच्यावर विश्वास ठेवून तुझ्या त्या पोरीला वर चढवणं नको, आणि खाली ठेवणंही नको. मोजायचं तर खरं मोजायला पाहिजे. त्या कंपनीचा नंबर दे इकडे."

"त्यांनी मला वसंतानंतर सांगितलंय."

"तुला सांगितलंय," आल्बी म्हणाला. "मला नाही."

पुढचं व्हर्नाने दारात उभं राहून ऐकलं आणि हसू दाबायला रुमाल तोंडात कोंबला. आल्बीने फोनवर ना शिवी दिली ना धमकी. तो फक्त बोलत राहिला, एका दमात, लिलावाच्या लयीत. चित्रकार आहे, पाळणा आहे, गाव आहे, अँटेना आहे, मधे काही नाही, कोण येतंय बोला, पुढच्या आठवड्यात कोण येतंय, उद्या कोण येतंय, कुणीच येत नाही म्हणता, अहो एवढ्या मोठ्या कंपनीत एक माणूस नाही, एक माणूस एक यंत्र, बोला साहेब बोला. त्याने फोन ठेवला तेव्हा पलीकडच्या माणसाने होकार दिला होता. कशाला दिला हे बहुधा त्याचं त्यालाही समजलं नसावं.

त्याच आठवड्यात मोजायला कंपनीची लान फाम आली. पन्नाशीची, बारीक चणीची, केसांत पांढरी बट असलेली बाई. गाडीभर पेट्या घेऊन ती कोठ्यांपाशी उतरली आणि बघते तर निम्मं गाव तिथं जमलेलं. कुणी तव्यावर सॉसेज परतत होतं, कुणी घरून लॅमिंग्टन केक आणले होते, बाईंनी आज शाळाच तिथं भरवली होती.

"काही समारंभ आहे का?" लानने विचारलं.

"तुम्हीच समारंभ," व्हर्ना म्हणाली आणि तिच्या हातात पाव आणि सॉसेज ठेवलं.

लानने खालून सुरुवात केली. कोठ्यांच्या पायथ्याशी, शाळेपाशी, दुकानापाशी तिपाई उभी करायची, तिच्यावर लहरी टिपणारा, पांढऱ्या कांद्याएवढा गोळा बसवायचा आणि वाट बघायची. गाव मागोमाग फिरत होतं. आकडे सगळीकडे नगण्य. कंपनीच्या गणिताच्याही खाली.

आल्बी कमरेवर हात ठेवून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "बाई, आज मंगळवार आहे, थंडीचे दिवस. फोनवर कोणी नाही, निम्मं गाव तर इथेच उभं आहे. कापणीला या. तेव्हा जिल्ह्यातला प्रत्येक जण बोलत असतो. तेव्हाचा आकडा आजच्या आकड्यातून कसा कळणार?"

व्हर्नाला वाटलं, आता ही बाई वैतागणार. लान मात्र खूश झाली. "हा प्रश्न मला बारा गावांत कुणी विचारला नव्हता," ती म्हणाली. "हे बघा, अँटेना गप्प असली तरी एक खूण सारखी पाठवत असते. मी इथे आहे, मी इथे आहे. तिचा जोर बदलत नाही. मी तेवढीच वेगळी मोजते, आणि सगळेच्या सगळे एकदम बोलायला लागले तर किती होईल ते त्यावरून काढते. तुम्हाला सांगितले ते आकडे कापणीचेच आहेत."

आल्बीने मान डोलावली. मग म्हणाला, "माझ्या घरी या."

त्याच्या घरी मात्र गोळा खरंच जागा झाला. लान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली, झोपायच्या खोलीत थांबली, आणि पलंगाच्या उशाशी वाकली. तिथे आल्बीचा बिनतारी फोन त्याच्या बैठकीवर झोकात बसला होता. घरातलाच, लँडलाइनचा. लानने भिंतीतून त्याची वायर काढली. आकडा धपकन खाली आला.

"हा तुमच्या उशाशी दिवसरात्र बोलत बसलेला असतो," लान म्हणाली. "मर्यादेच्या खूप खालीच आहे हो, घाबरायचं काही कारण नाही. पण या घरात वरच्या अँटेनापेक्षा याचा आवाज मोठा आहे."

आल्बीच्या चेहऱ्याकडे बघून व्हर्नाला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मोबाइल घेणार नाही म्हणून शपथ घेतलेला माणूस! ॲडलेडच्या बहिणीशी बोलायला पलंगावरून उठावं लागू नये, म्हणून त्याने तो फोन उशाशी ठेवला होता. "हसून घे," आल्बी म्हणाला, "पोटभर हसून घे, नाहीतर पोटात दुखेल तुझ्या." पण तोही हसत होता. मग तिघंही बाहेर आली तेव्हा बाहेरच्या लोकांना काय झालं ते सांगावं लागलं, आणि तेही हसायला लागले.

दुपारी वारा पडला. पाळण्यात डेस्पिना चालवायला आणि लान मोजायला, अशा दोघीच चढल्या. लानने कमरेला लावलेलं एक यंत्र धोका असेल तिथं ओरडणार होतं. खाली व्हर्नाच्या हातात एक वायरलेस दिला होता, शेतकऱ्यांच्या गाड्यांत असतो तसा, म्हणजे आकडे खाली ऐकू येतील.

"पायांपाशी," लानचा आवाज आला. "काहीच नाही."

पाळणा वर सरकला. "पोटापाशी. दोन टक्के."

पुन्हा वर. "मानेच्या सुरुवातीला. नऊ. आता जरा पुढे घ्या. हळू. सतरा. चाळीस. थांबा."

त्याच वेळी वरून कर्कश शिट्टी ऐकू आली. खाली सॉसेज परतणाऱ्याचा चिमटा हवेतच राहिला.

"मर्यादेच्या वर गेलंय," लान म्हणाली. "आणि मी अजून खोक्यांपासून लांब आहे. मागे घ्या. आणखी मागे."

शिट्टी बंद झाली. व्हर्नाने वायरलेस छातीशी धरला. त्या दिवशी डेस्पिनाने विचारलं नसतं तर? 'मनावर घेऊ नकोस,' असं ती स्वतःच म्हणाली होती. तिने आल्बीकडे बघितलं. तो बुटाच्या टोकाने माती उकरत होता.

"बोल ना आता," ती म्हणाली. "इतकी वर्षं थांबलायस."

"मला वाटलं होतं मजा येईल," आल्बी म्हणाला. "नाही येत फारशी."

लान खाली आली आणि तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. अहवाल खोटा नव्हता. खाली राहणाऱ्यांना, शाळेला, घरांना धोका नाही, आणि हेही तिने आज गणिताने नाही तर गोळ्याने मोजून बघितलंय. पण या खोक्यांच्या लहरी समोर फेकल्या जातात, हातातल्या टॉर्चसारख्या. टॉर्चखाली उभं राहिलं तर अंधार, तोंडासमोर उभं राहिलं तर डोळे दिपतात. समोर कुणी उभं राहील असं अहवाल करणाऱ्याने धरलंच नव्हतं, कारण तिथं हवा होती. "हवेत कुणी सारस काढायला येईल, हे आम्हाला कसं कळणार?" ती म्हणाली. "पण विचारायला हवं होतं. हे मी माझ्या साहेबांना जाऊन सांगणार आहे."

"मग मी डोकं काढायचं कसं?" डेस्पिनाने विचारलं.

"तुम्ही समोर असाल तोवर त्या बंद. मी तिथून बंद करवून घेईन. पण तेवढे दिवस, सकाळपासून तुमचं काम संपेपर्यंत, यारापिनमध्ये मोबाइल लागणार नाही. गावाची हरकत नसेल तर."

गाव एकदम व्हर्नाकडे बघायला लागलं. तिच्या अँटेना होत्या त्या.

"हरकत आहे," गॅव्हिन नावाचा तरुण शेतकरी म्हणाला. "माझ्या मेंढ्या वीत आहेत. अडली एखादी तर जनावरांच्या डॉक्टरला बोलवू कसा?"

व्हर्नाने हातातल्या वायरलेसकडे बघितलं. "याच्यावर," ती म्हणाली. "प्रत्येकाच्या गाडीत आहे हा. माझा तंबू इथे कोठीखाली ठोका, मी दिवसभर बसते. लँडलाइनची एक वायर मला ओढून द्या. ज्याला जे पाहिजे ते मला सांगा, मी पुढे लावते. आम्ही लहान असताना टेलिफोनच्या बाई असायच्या ना, तशी."

"आणि तू सगळ्यांचं ऐकणार!" कुणीतरी ओरडलं.

"सगळेच सगळ्यांचं ऐकणार. म्हणून जरा सभ्यपणे बोला."

लानने निघता निघता डेस्पिनाचे रंगांचे डबे बघितले आणि एक बाजूला काढला. "हा चांदीचा नको. धातू आहे याच्यात. खोक्यावर लावलात तर अँटेना मुकी होईल, मग गाव तुम्हाला सोडणार नाही." डेस्पिनाने साधा करडा रंग घोटून घोटून असा केला की तो उन्हात चांदीसारखाच चमकला.

पुढचे ते दिवस यारापिनमध्ये अजून लोक आठवतात. सकाळी खोके बंद झाल्याचा निरोप आला की डेस्पिना लानने दिलेल्या यंत्रावर स्वतः बघून खात्री करायची, मग वर चढायची. खाली तंबूत व्हर्ना, समोर वायरलेस, शेजारी टेलिफोन, गुडघ्यांवर गोधडी. गॅव्हिनची मेंढी खरंच अडली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई दुसऱ्याच शेतावर होत्या, त्यांनी गाडीतून वायरलेसवर हात कुठे घालायचा, पाय कसा वळवायचा ते सांगितलं, आणि अख्ख्या जिल्ह्याने श्वास रोखून ऐकलं. "आलं!" गॅव्हिन ओरडला. "जुळं आहे!" दूरदूरच्या शेतांवर भोंगे वाजले. कुणी केकमध्ये मीठ घातल्याची कबुली दिली, कुणी हरवलेल्या कुत्र्याचा पत्ता सांगितला, दोन शेजारी कुंपणावरून भांडले आणि ऐकणाऱ्यांनीच त्यांचा निवाडा करून टाकला.

आल्बीनेही जुन्या ट्रकमधला वायरलेस पुसून बाहेर काढला होता.

"आल्बी," व्हर्ना पहिल्याच दिवशी म्हणाली, "तू आत्ता तोंडाशी धरलंयस ना, त्यातूनही लहरीच निघतात बरं का."

"लानबाईंना विचारून घेतलंय. थोडं बोललं तर चालतं."

"मग तुझं कसं चालायचं?"

दुपारपर्यंत आल्बीला काही ना काही विचारायचं असे. वर काम कुठवर आलं? तंबू उबदार आहे ना? गोधडी अजून एक पाठवू का? एकदा तो बराच वेळ कळ दाबून नुसता खाकरत राहिला.

"आल्बी, बोलायचं असेल तर बोल, लाइन अडवू नकोस."

"व्हर्ना, हे बघ. हॉर्शमला नदीकाठी एक नवी खानावळ निघालीय. मासे चांगले असतात म्हणे. रविवारी दुपारी मी तिकडे जाणार आहे. तर तू, म्हणजे तुला जर, म्हणजे समितीचं काम नसेल..."

व्हर्नाच्या गालांवर उन्हं आल्यासारखं झालं. तिचा नवरा कीथ जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत कुणी तिला काही विचारायला असं अडखळलं नव्हतं. तेही जन्मभर एका दमात बोलत आलेला हा माणूस.

"आल्बी," ती हळूच म्हणाली, "हे सगळे ऐकतायत."

"मला माहितेय."

आणि मग गॅव्हिनचा आवाज आला, हुबेहूब आल्बीच्या लिलावातल्या ठेक्यात. "मंडळी, रविवारचं एक जेवण, मासे ताजे, माणूस जरा जुना पण धडधाकट! बोली एकच आलीय! एकवार!"

"दोनवार!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"व्हर्ना, हो म्हण गं!" दुकानातून दुकानवाली ओरडली.

"मी वर आहे आणि मलाही ऐकू येतंय!" पाळण्यातून डेस्पिना ओरडली, वायरलेसशिवायच.

व्हर्नाने कळ दाबली. हसण्यामुळे तिला शब्द सापडेनात. "तीनवार," ती कशीबशी म्हणाली, आणि यारापिनच्या चारी बाजूंनी गाड्यांचे भोंगे असे वाजायला लागले की कोठ्यांवरचे काकाकुवा थव्याने उडाले आणि डेस्पिनाला ब्रश खाली ठेवून डोकं झाकावं लागलं.

शनिवारी डेस्पिनाने सारसाचा डोळा पूर्ण केला. खोके पुन्हा सुरू झाले, गावातले सगळे फोन एकदम किणकिणले. लानने दुसऱ्या खेपेला येऊन सिग्नल तपासला, तो तसूभरही कमी झाला नव्हता. वर चढायच्या जागेवर तिने एक ठळक पाटी लावली, आणि कंपनीने तिच्या सांगण्यावरून आणखी पाच गावांच्या कोठ्यांवर वर जाऊन मोजायचं कबूल केलं. त्या गावांनाही चित्रं हवी होती.

रविवारी आल्बी ट्रक धुऊन आला. मासे खरंच चांगले होते. दोघांनी बटाटे दुसऱ्यांदा मागवले, आणि बोलण्याच्या नादात खानावळ रिकामी झाली तरी त्यांना कळलं नाही. परत येताना, गाव दिसायच्या बरंच आधी, हिरव्या गव्हाच्या पलीकडे आभाळात कोठ्यांवरची दोन सारसं पंख पसरून उभी राहिलेली दिसली. आल्बीने ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला.

"मान जरा लांब झालीय," तो म्हणाला.

"मान अशीच असते त्यांची."

"एवढी नसते. मी पाहिलीयत लहानपणी."

"मीही पाहिलीयत. तू तेव्हा बुटका होतास, म्हणून तुला सगळ्यांच्याच माना आखूड दिसायच्या."

"बुटका?" आल्बी म्हणाला. "मी?" आणि तो ट्रकमधून खाली उतरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, पाठ ताठ करून, हात पंखांसारखे पसरून, एक पाय उचलून. व्हर्ना काचेवर डोकं टेकून हसत राहिली. मागून एक गाडी आली, तिच्यातल्या अनोळखी बाईने काच खाली केली आणि काळजीने विचारलं, यांना बरं वाटत नाहीये का?

"छान आहेत ते," व्हर्ना डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही पुढे व्हा."